नक्श-ए-जहान, मुक्काम युसूफ वडगाव

मित्रांनो, मी फोटो स्टुडिओतला एक जुना पडदा आहे, आणि मी ताजमहाल नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आजवर माझ्यासमोर जो कुणी केस विंचरून उभा राहिला, त्याने मागे वळून एकदा तरी म्हटलं, "अरे वा, ताजमहाल!" स्वतःला जरा शहाणे समजणारे म्हणायचे, "बीबी का मकबरा." एका गृहस्थांनी चष्मा पुसून मला नीट न्याहाळलं आणि गोलघुमट असा निकाल दिला. मी कापड आहे, म्हणून ऐकून घेतलं. तोंड असतं तर युसूफ वडगावात माझं कुणाशीच पटलं नसतं.

माझ्यावर इराण देशातल्या इस्फहान शहराचा मोठा चौक रंगवलेला आहे. त्याचं नाव नक्श-ए-जहान, म्हणजे जगाचं चित्र. चारशे वर्षांपूर्वी शाह अब्बास नावाच्या बादशहाने तो बांधून घेतला. लांबच लांब मोकळी जागा, भोवती दुमजली कमानींची रांग, आणि चार बाजूंना चार इमारती. समोर दक्षिणेला निळ्या घुमटाची मोठी मशीद. डाव्या हाताला शेख लुत्फुल्लाची लहान मशीद. तिला एकही मिनार नाही आणि तिचा घुमट दुधावरच्या सायीच्या रंगाचा. उजव्या हाताला आली कापू, म्हणजे बादशहाचा राजवाडा. त्याच्या वरच्या सज्ज्याला उंच लाकडी खांब आहेत, आणि त्या सज्ज्यात बसून बादशहा खाली चाललेला घोड्यावरचा चेंडूचा खेळ बघायचा. चौथी इमारत म्हणजे बाजाराचं दार. ते खरं तर बघणाऱ्याच्या पाठीमागे असतं, पण माझ्या पेंटरला ते सोडवेना, म्हणून त्याने ते खालच्या कोपऱ्यात घुसवलं.

हे नीट लक्षात ठेवा. डावीकडे लहान मशीद, मध्ये मोठी मशीद, उजवीकडे राजवाडा. इतकं साधं आहे. वडगावात वर्षानुवर्षं कुणाला ते जमलं नाही.

माझे पेंटर इसाकभाई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे 'आईचा आशीर्वाद' लिहायचा, खताच्या दुकानाच्या शटरवर कापसाचं बोंड काढायचं, हे त्यांचं काम. मध्ये काही वर्षं ते दुबईला इमारतींना रंग देणाऱ्या टोळीत होते. तिथे त्यांच्या शेजारच्या खोलीत इस्फहानचा एक रोटीवाला राहायचा. त्याच्या भिंतीवर एका कॅलेंडरचं मोठं पान लावलेलं होतं, त्यावर हा चौक. रोज कामावरून आले की इसाकभाई त्या पानासमोर बसायचे आणि रोटीवाला त्यांना एकेक इमारत बोटाने दाखवून सांगायचा. परत निघताना त्याने ते पान काढून गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

गावी येऊन इसाकभाईंनी बाजाराच्या रस्त्याला स्टुडिओ टाकला. त्या काळात सगळ्या स्टुडिओंतून बर्फाचे डोंगर असायचे, नाहीतर धबधबा, नाहीतर तळं आणि त्यात दोन हंस. कपाशीच्या रानातून आलेला माणूस त्या बर्फापुढे बनियनवर शर्ट चढवून उभा राहायचा आणि कुणाला हसू येत नसे. इसाकभाईंना तसला पडदा नको होता. त्यांच्या बायकोने, हाफिजाबींनी, मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं. मग मला सरस आणि सफेद्याचा हात देऊन गच्चीवर वाळवलं, आणि पुढचा सगळा उन्हाळा इसाकभाई माझ्यावर वाकलेले होते.

"हे वडगावात कुणाला कळंल वो?" हाफिजाबींनी एकदा विचारलं.

"न्हाई कळलं तर न्हाई," इसाकभाई म्हणाले. "म्होरं हुबं तर ऱ्हातील."

मोठ्या मशिदीच्या कमानीवरची बारीक निळी नक्षी हाफिजाबींनी भरली. त्यांचा हात बारीक कामाला चांगला होता. राजवाडा मात्र पूर्ण इसाकभाईंचा. त्यातले खांब त्यांनी श्वास रोखून काढले.

मला भिंतीवर टांगलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने चूक काढली. "पेंटर, घुमट सरकलाय तुमचा. दाराच्या बरुबर मधी पाहिजे हुता." मित्रांनो, तो घुमट तिथे इस्फहानातही दाराच्या मधोमध नाही. दार चौकाकडे तोंड करून उभं आहे आणि आतली मशीद मक्केच्या दिशेला वळलेली आहे, म्हणून घुमट बाजूला दिसतो. इसाकभाईंनी हे समजावून सांगितलं. गिऱ्हाइकाने ऐकून घेतलं आणि म्हणालं, "ते हाय वो. पण सरळ केला तर बरं दिसंल." त्या दिवसापासून माणसांविषयी माझं जे मत झालं, ते बदलण्याची फारशी वेळ आली नाही.

माझ्या कामाची वर्षं सांगतो. स्थळ दाखवण्यासाठी फोटो काढायला आलेल्या मुली माझ्यासमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या. पहिला पगार झालेले तरुण उसना गॉगल लावून उभे राहिले. ऊसतोडीला निघालेली जोडपी दिवाळीनंतर नव्या कपड्यांत यायची, लाकडासारखी ताठ उभी राहायची आणि फोटो निघाला की श्वास सोडायची. एकाने कोंबडा काखेत घेऊन फोटो काढला. एकाने मोटारसायकल थेट आत आणली, ती सुरू केली आणि माझ्या खालच्या कडेवर चाकाचा काळा पट्टा उठवला. त्याला वाईट वाटलं, पण मोटारसायकलला काही झालं नाही हे पाहून बरंही वाटलं.

माझं कौतुक झालं नाही असं नाही. "रंग पक्का दिसतोय," असं पुष्कळ जण म्हणाले. एवढंच. बादशहाचा चौक डोळ्यांपुढे टांगलेला असताना यांना रंग टिकेल का ही काळजी. तीच माणसं मग तासभर आरशात स्वतःचा भांग बघायची.

पुढे काळ बदलला. हाफिजाबी वारल्या. प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आणि फोन असलेल्या प्रत्येकाला आपण फोटोग्राफर आहोत असं वाटू लागलं. इसाकभाईंचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांची मुलगी रुबीना स्टुडिओ बघू लागली. पासपोर्टचे फोटो तेवढे उरले, आणि त्यांना पांढरा पडदा लागतो. म्हणून माझ्यासमोर एक पांढरी चादर आली आणि मी माळ्यावर गेलो. तिथे उंदीर होते. बाजाराच्या दारातला अर्धा बाजार त्यांनी खाल्ला. निदान त्यांनी तो ताजमहाल समजून खाल्ला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी रुबीनाने मला खाली काढलं. तिची मावसबहीण लुबना, तिच्या साखरपुड्याचे फोटो जुन्या पद्धतीने काढू असं दोघींनी ठरवलं. रुबीनाने मला झटकलं, उसवलेली शिवण घातली आणि टांगलं. फोटो सुंदर आले. ते फोनवरून सगळीकडे गेले आणि लोक येऊ लागले. केजहून आले, सिरसाळ्याहून आले, लांबच्या आष्टीहून एक जोडपं आलं. स्टुडिओत पुन्हा चहाचे कप फिरू लागले. इसाकभाई दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघायचे. लोक मात्र मला बघायला येत नव्हते. ते माझ्यापुढे उभे राहून फोनमध्ये स्वतःला बघत होते. फरक एवढाच की आता ते 'ताजमहाल' हा शब्द नुसता बोलत नसत, फोटोखाली लिहीतही असत.

अशातच गावातल्या अभिमन्यूने लग्नानंतर बायकोसोबत माझ्यासमोर फोटो काढून घेतला. दोघं उजव्या बाजूला उभे राहिले. फोटो त्याने फोनवर टाकला, आणि त्याखाली त्याच्या कुणा मित्राने लिहिलं, "मशिदीम्होरं कावून हुबा ऱ्हायला बे?"

एवढंच एक वाक्य. अभिमन्यू शहाणा असता तर त्याने ते सोडून दिलं असतं. तो गहिनीनाथकडे गेला.

गहिनीनाथची ओळख करून देतो, जरी त्याने गावातल्या प्रत्येक खांबावर ती स्वतःच करून दिलेली असली तरी. तो पुढारी होण्याच्या तयारीत असलेला माणूस. त्याचा वाढदिवस आला की बसथांब्यावर त्याचा फ्लेक्स लागायचा, हात जोडलेला, काळा चष्मा लावलेला, नावाखाली 'युवा उद्योजक'. कसला उद्योग, हे गावाला माहीत नव्हतं आणि मला वाटतं त्यालाही नव्हतं. फ्लेक्स हाही एक प्रकारचा पडदाच. पण दोन पावसात फाटून गटारात जाणाऱ्या त्या जातीशी मी नातं सांगत नाही.

बाजाराच्या दिवशी गहिनीनाथ स्टुडिओत आला. बरोबर अभिमन्यू, आणि फोन वर धरून सगळं टिपणारा सिदू. दारात भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं थांबली.

"चाचा, आपलं तुमच्याशी काय वाकडं न्हाई," गहिनीनाथ इसाकभाईंना म्हणाला. "पण पोरांच्या भावना दुखावल्यात. लग्नाचे फोटो हायत. ही मशीद तेवढी पुसून टाका."

"कंची?" इसाकभाईंनी विचारलं.

गहिनीनाथने अभिमन्यूकडे बघितलं. अभिमन्यूने फोनमधला आपला फोटो उघडला, तो माझ्याशी ताडून पाहिला, आणि बोट ठेवलं ते राजवाड्यावर. "ही. खांबावाली."

"आन ह्यो निळा घुमट?" सिदूने विचारलं.

"येडा का बे तू?" गहिनीनाथ म्हणाला. "ताजमहाल हाय त्यो. देशाची शान हाय. त्याला हात लावायचा न्हाई."

"आन ही डाव्या अंगाची?"

गहिनीनाथने शेख लुत्फुल्लाच्या मशिदीकडे, त्या सायीच्या रंगाच्या घुमटाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "पाण्याची टाकी हाय ती. राहू दे."

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

रुबीनाला राहवलं नाही. "अहो दादा, ती मशीद नाही, तो तर..."

"रुबीना," इसाकभाईंनी तिला मध्येच थांबवलं. "सफेद्याचा डबा आन."

ती बापाकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने डबा आणला. इसाकभाईंनी रुंद ब्रश घेतला आणि आपल्या हाताने काढलेल्या राजवाड्यावर पांढरा रंग फिरवायला सुरुवात केली. त्यांचे हात थरथरत होते. रेघ ओढायला थरथरणारा हात चालत नाही. पुसायला चालतो. आधी सज्जा गेला, मग एकेक खांब, मग खालचं दार. दारातली माणसं थोडा वेळ बघत उभी राहिली आणि मग बाजाराला निघून गेली.

काम झाल्यावर गहिनीनाथने सिदूच्या फोनकडे बघून गावाच्या एकीचा विजय झाल्याचं जाहीर केलं. त्याचा वाढदिवस जवळ आला होता. आलोच आहोत तर फ्लेक्ससाठी फोटो काढून घेऊ, असं त्याने ठरवलं.

"मागं टाकी येऊ दे," सिदू म्हणाला. "इकास वाटतो."

आणि गहिनीनाथ शेख लुत्फुल्लाच्या मशिदीपुढे हात जोडून उभा राहिला. फोटो रुबीनानेच काढला.

ते गेल्यावर तिने बापाला धारेवर धरलं. "अब्बा, तुम्ही बोलला का नाही? तो राजवाडा होता!"

इसाकभाई ब्रश धूत होते. पाणी स्वच्छ झालं तरी धूतच होते. "राजवाडा हाय म्हनलो असतो, तर त्यांनी पुढचं इचारलं असतं. मग मशीद कंची? तवा काय सांगायचं बेटी? त्यांनी बोट ठिवलं ते एक गेलं. मशिदी दोनी ऱ्हायल्या. त्या निळ्यात तुज्या अम्मीचा हात हाय."

रुबीनाने मान डोलावली आणि सफेद्याचा डबा झाकला. मी मात्र त्यांना माफ केलं नाही. चार इमारतींतली एक अर्धी उंदरांनी नेली होती, एक पूर्ण यांनी दिली. हिशेबी शहाणपणाचा मला तिटकारा आहे, मग तो प्रेमाने केलेला का असेना.

आठवडाभरात गहिनीनाथचा नवा फ्लेक्स बसथांब्यावर लागला.

त्यानंतर एका दुपारी भिवराबाई आली. ती गहिनीनाथची आई. सुकलेली, काटक बाई, हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या जुन्या रेघा. उभा जन्म तिने टोळीबरोबर ऊस तोडला आणि पोराला वाढवलं, म्हणून पोराला गॉगल लावून उद्योजक होता आलं. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फोटो होता. फ्रेम ओलीने खराब झाली म्हणून तिने काच काढायला घेतली, तर फोटो काचेला चिकटलेला. काच निघाली तेव्हा तिच्या नवऱ्याचा, रामकिसनचा, चेहरा काचेबरोबर निघून गेला. फोटोत आता शेजारी शेजारी दोन माणसं उभी होती, एक भिवराबाई आणि एक बिनचेहऱ्याचा.

"दुसरा फोटो आहे का काकांचा?" रुबीनाने विचारलं. "त्याच्यावरून करता येईल."

"ह्यो एकच काढला हुता. त्याच साली हंगामात ताप आला अन गेले." भिवराबाई शांतपणे सांगत होती. "तोंडाचं ऱ्हाऊ दे. तोंड माज्या ध्यानात हाय. पन पडदा तुमचा त्योच हाय, असं ऐकलं. त्या खांबाम्होरं मला एकलीला हुबी कर. मी व्हते तितंच."

खुर्चीवरचे इसाकभाई उठून उभे राहिले. "वैनी, रामकिसन मला ध्यानात हाय. फोटू काढायच्या आदी त्यानं इचारलं, पेंटर, ह्ये काय हाय? मी म्हनलो, बादशाचा वाडा."

"व्हय," भिवराबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "मला म्हनले, भिवरे, मुकादमाच्या खोपीम्होरं लई हुबा ऱ्हायलो. आज बादशाच्या वाड्याम्होरं हुबा ऱ्हातो. अन छाती काढून हुबे ऱ्हायले."

मित्रांनो, मला तो माणूस आठवत नाही. छाती काढून उभे राहणारे मी इतके पाहिले की कुणाकडे नीट बघणंच सोडून दिलं होतं. पण त्याने विचारलं होतं. अख्ख्या तालुक्यात एकाने विचारलं होतं.

रुबीनाने पांढरी चादर बाजूला केली. भिवराबाई पदर सारखा करत माझ्याजवळ आली आणि थांबली. उजव्या बाजूला खांब नव्हते. तिथे चुन्याच्या भिंतीसारखा एक पांढरा डाग होता.

"खांब कुटं गेले?"

रुबीनाने बापाकडे बघितलं.

"इसाकभाई, वाडा कुटं गेला?"

"पुसला, वैनी."

"कुनी?"

रुबीनाने सांगितलं, "गहिनीनाथदादांनी पुसायला लावला. त्यांना ती मशीद वाटली."

"कंच्या गहिनीनाथानं? माज्या?"

ती स्टुलावर बसली. रुबीनाने पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. शेवटी ती उठली, फोटो पिशवीत घातला आणि म्हणाली, "बापानं इचारलं हुतं. ह्याला इचारायला काय झालं हुतं?" आणि गेली.

पुढच्या बाजारी ती परत आली. या वेळी गहिनीनाथ तिच्या मागे होता. गॉगल डोक्यावर, मान जरा खाली. त्याच्या मागे अभिमन्यू आणि सिदू. सिदूचा फोन सवयीने वर गेला.

"फोन खिशात ठिव रं," भिवराबाई म्हणाली. फोन खिशात गेला.

मग ती इसाकभाईंना म्हणाली, "ह्यो रंगवतो. तुमी सांगा."

"आये, लोक बघायलेत," गहिनीनाथ दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू दे. पुसताना बघतच व्हते."

इसाकभाईंनी पिवडी आणि गेरू काढून दिला. रंग कसा कालवायचा ते सांगितलं. गहिनीनाथने बाह्या वर केल्या आणि ब्रश हातात घेतला. जन्मात पहिल्यांदा तो फ्लेक्सवर नसलेलं काही काम करत होता. "खालून वर," इसाकभाई म्हणाले. "श्वास सोडू नको. रेघ संपली की सोड." पहिला खांब उसाच्या कांड्यासारखा निघाला. दुसरा त्याच्यावर रेलला. दारात गर्दी जमली होती. कुणीतरी हसलं, आणि भिवराबाईने मागे वळून पाहिल्यावर हसायचं थांबलं.

अर्धे खांब झाल्यावर गहिनीनाथने ब्रश खाली घेतला. "चाचा, एक इचारू?"

"इचार."

"ह्यो वाडा हाय. मग मशीद कंची?"

रुबीना कॅमेऱ्यामागे होती, ती तशीच थांबली. हाच तो प्रश्न. याच्याच भीतीने इसाकभाईंनी आपला राजवाडा दिला होता. आता खोटं बोलता आलं असतं. ताजमहाल हाय, टाकी हाय, असं म्हणून सुटता आलं असतं. मला वाटलं ते तेच करतील.

इसाकभाईंनी थरथरता हात वर केला. "ही निळी. मोठी मशीद. ह्याच्यावरची नक्षी माज्या बायकूनं भरली." मग हात डावीकडे नेला. "आन ही शेख लुत्फुल्लाची. तुमी टाकी म्हनलात ती."

सगळ्यांचे डोळे सायीच्या रंगाच्या घुमटाकडे गेले. आणि मग, मित्रांनो, एकेकाच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं. स्टुडिओच्या दारातून बसथांबा दिसतो. बसथांब्यावर फ्लेक्स होता. फ्लेक्सवर गहिनीनाथ त्याच घुमटापुढे हात जोडून उभा होता, आणि वर लिहिलं होतं, 'विकासाचा ध्यास'.

पहिला सिदू फुटला. त्याने तोंडावर हात दाबला, पण आवाज आलाच. मग अभिमन्यू. मग दारातली वांग्यांची पिशवी धरलेली बाई. गहिनीनाथचा चेहरा गेरूपेक्षा लाल झाला. तो ब्रश फेकेल असं वाटलं. क्षणभर ते सगळं त्याच्या मनगटात आलेलं मला दिसलं.

"मग?" भिवराबाई म्हणाली. "कळलं न्हवं? आता खांब काढ आदी."

गहिनीनाथने आईकडे बघितलं. मग त्याने ब्रश रंगात बुडवला आणि पुढचा खांब काढायला घेतला.

आली कापूच्या सज्ज्याला अठरा खांब आहेत. त्याने किती काढले ते मी सांगणार नाही. माझ्या अंगावर आज जो राजवाडा आहे, तो कुठल्याही बादशहाने पाहिला असता तर पेंटरला हत्तीच्या पायी दिलं असतं. सज्जा कलला आहे, दार ट्रॉलीच्या फळीसारखं आहे. आणि तो पुसावा असं मला एकदाही वाटलेलं नाही. का, ते मला विचारू नका. मला सवय नाही असल्या गोष्टींची.

रंग ओला असतानाच भिवराबाई फोटोला उभी राहिली. रुबीना म्हणाली, "मावशी, जरा मध्ये या." ती हलली नाही. तिच्या एका बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिने छाती काढली, हनुवटी वर केली, आणि रुबीनाने फोटो काढला. गहिनीनाथ बाजूला उभा राहून कापडाच्या बोळ्याने बोटांचा रंग पुसत होता. पुसून झाल्यावर तो इसाकभाईंजवळ गेला आणि काहीतरी बोलला. काय, ते मला ऐकू आलं नाही. इसाकभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो हात थरथरत नव्हता, की गहिनीनाथचा खांदा त्याच्याबरोबर हलत होता, हे मला नीट दिसलं नाही.

फ्लेक्स त्याने उतरवला नाही. उतरवला असता तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. तो उन्हाने पांढरा पडेपर्यंत तिथेच होता. पोरं येता-जाता त्याला 'टाकी' म्हणून हाक मारायची आणि तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

मित्रांनो, जुन्या पडद्याची काळजी घ्यायला फार अक्कल लागत नाही. घडी घालू नका, गुंडाळा. ओल्या भिंतीला टेकवू नका. माझ्यासमोर मोटारसायकल सुरू करू नका. आणि ज्याच्यापुढे उभे राहता ते काय आहे हे ठाऊक नसेल, तर अंदाज ठोकू नका. विचारा. तुम्ही विचाराल असा माझा मुळीच विश्वास नाही. तुमच्यासारखे मी पुष्कळ पाहिले आहेत. तरी सांगतो. बाजाराच्या रस्त्याला, दाराशी खुर्ची टाकून एक म्हातारा बसलेला असतो. त्याला आता रेघ ओढता येत नाही, पण नावं सगळी पाठ आहेत. तो आहे तोवर या.